वाचकांचे प्रश्न : थाई काय लिहिते, हिब्रू काय गाळते

गेल्या काही महिन्यांत भाषांविषयी जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी योगायोगाने थाई आणि हिब्रू या दोन भाषांभोवती फिरणारी निघाली. जोडी वरवर विजोड वाटेल. पण ती अगदीच कल्पनेतली नाही, कारण इस्रायलच्या शेतीत नव्वदच्या दशकापासून हजारो थाई कामगार राबत आले आहेत आणि तिथल्या मळ्यांवर या दोन भाषा रोज समोरासमोर येतात. म्हणून ही पत्रे एकत्रच घेतली आहेत. पहिल्या उत्तरात जे सांगितले आहे त्याचा आधार पुढच्या उत्तरांना लागणार असल्याने ती क्रमाने वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : निवृत्तीनंतर एक नवी भाषा शिकावी असे मनात आहे. थाई आणि हिब्रू या दोहोंत निर्णय होत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या यादीत या दोन्ही भाषा एकाच अवघड गटात ठेवलेल्या दिसल्या. त्यांच्यात खरेच काही साम्य आहे काय, आणि अधिक अवघड कोणती?

उत्तर : यादीविषयी आपण लिहिता ते बरोबर आहे. त्या संस्थेने दोन्ही भाषांसाठी सुमारे ४४ आठवडे, म्हणजे वर्गातले ११०० तास धरले आहेत. परंतु ती मोजपट्टी इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाची आणि जिभेची आहे. मराठी माणसाला ती जशीच्या तशी लावण्यात अर्थ नाही. क आणि ख यांतला फरक इंग्रजी भाषकाला थाईसाठी नव्याने घोटावा लागतो, आपल्याला तो बोबड्या वयातच आलेला असतो. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असा बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे क्रियापदात होणारा बदल त्याला हिब्रूत चमत्कारिक वाटतो, आपल्याला वाटत नाही.

नात्याचे म्हणाल तर ते काहीच नाही. हिब्रू सेमिटिक घराण्यातली, अरबी आणि अरामी यांची भावंड. थाई ताई-कदाई घराण्यातली, लाओ आणि शान या भाषांची सख्खी आणि आसामात एके काळी बोलल्या जाणाऱ्या आहोम भाषेचीही नातलग. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात (आकडे मात्र डावीकडून उजवीकडे, त्यामुळे वाक्यात एखादे वर्ष आले की डोळ्यांना मध्येच मागे फिरावे लागते), तर थाई आपल्यासारखीच. साम्य एकच चटकन दिसते, ते म्हणजे दोन्ही भाषांत विशेषण नामाच्या मागून येते. ‘मोठे घर’ हे हिब्रूत ‘बायित गदोल’ आणि थाईत ‘बान याय’ होते, म्हणजे दोन्हीकडे ‘घर मोठे’.

अवघडपणा दोन्हीकडे आहे, पण त्याची जागा वेगळी आहे, आणि ती जागा लिपीकडे पाहिले की सर्वांत लवकर कळते.

हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत आणि ती सगळी व्यंजनांची आहेत. सामेख, पे आणि रेश ही तीन अक्षरे ओळीने लिहिली की हाती लागतो तो फक्त सांगाडा. तो ‘सेफेर’ असा वाचला तर पुस्तक, ‘सपार’ असा वाचला तर न्हावी, ‘सफार’ असा वाचला तर ‘त्याने मोजले’, आणि ‘स्फार’ असा वाचला तर सीमेलगतचा मुलूख. मधले अक्षर प म्हणायचे की फ, हेसुद्धा वाचणाऱ्यानेच ठरवायचे. स्वर दाखवण्यासाठी अक्षरांच्या खाली-वर आणि पोटात ठिपके व रेघा देण्याची एक पद्धत आहे, तिला निकुद म्हणतात. तिचे आज रूढ असलेले रूप आजच्या इस्रायलमधील तिबेरियास येथील मसोराकार, म्हणजे बायबलचा हिब्रू पाठ जपणाऱ्या, पंडितांनी साधारण सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान घडवले. परंतु निकुद आज दिसतो तो धर्मग्रंथांत, प्रार्थनेच्या पोथ्यांत, कवितेत आणि लहान मुलांच्या पुस्तकांत. वर्तमानपत्र, सरकारी कागद, कादंबरी, रस्त्यावरची पाटी, सगळे बिनठिपक्यांचे. अलेफ, हे, वाव आणि योद ही चार अक्षरे काही ठिकाणी स्वरांची कामे करतात, तेवढाच टेकू.

थाईची गोष्ट उलटी आहे. तिथे स्वराचे चिन्ह व्यंजनाच्या आधी, नंतर, वर किंवा खाली बहुधा असतेच. आपली पहिली वेलांटी जशी व्यंजनाच्या आधी येते तशी थाईत ए, ओ आणि आय यांची चिन्हे आधी येतात. पण शब्द आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडत नाहीत. जागा सोडतात ती वाक्य किंवा त्याचा एखादा तुकडा संपल्यावर. त, आ, क, ल, म अशी पाच चिन्हे ओळीने आली की ती ‘ता-क्लोम’ वाचायची की ‘ताक-लोम’, हे कागदावर कुठेही सांगितलेले नसते. पहिल्याचा अर्थ गोल डोळे, दुसऱ्याचा अर्थ वारा खात बसणे. (त्यातला ओ लिहिलेला नसतो. दोन व्यंजनांच्या मध्ये चिन्ह नसले की तिथे ओ धरायचा, हे थाई मुलाला न सांगता कळते, जसे ‘घर’ या शब्दातला शेवटचा अ म्हणायचा नाही हे मराठी मुलाला कळते.) ओळ कुठे तोडावी हे ठरवण्यासाठी संगणकालाही थाईचा शब्दकोश जवळ बाळगावा लागतो, रिकामी जागा शोधून त्याचे काम भागत नाही.

म्हणजे हिब्रू शब्दाची हद्द दाखवते आणि स्वर झाकते. थाई स्वर दाखवते आणि हद्द झाकते. माझ्या मते हा निव्वळ लिपीचा लहरीपणा नाही. हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो आणि व्याकरणाचे बरेचसे काम त्या तीन व्यंजनांच्या मधले स्वर बदलून होते. क-त-व हा लिहिण्याचा धातू घ्या. ‘कताव’ म्हणजे त्याने लिहिले, ‘कोतेव’ म्हणजे लिहितो, ‘यिख्तोव’ म्हणजे तो लिहील, ‘मिख्ताव’ म्हणजे पत्र, ‘क्तोवेत’ म्हणजे पत्ता, ‘हिख्तीव’ म्हणजे त्याने सांगितले आणि दुसऱ्याने लिहून घेतले, ‘हित्कातेव’ म्हणजे त्याने पत्रव्यवहार केला. आपल्याकडे मरणे-मारणे, पडणे-पाडणे, चरणे-चारणे, तरणे-तारणे या जोड्यांत जे थोडेसे घडते तेच हिब्रूत सात ठरलेल्या साच्यांतून अखंड घडत असते. वाक्यात कर्ता कोण, काळ कोणता, हे कळले की कोणता साचा बसतो हे कळते आणि साचा कळला की स्वर आपोआप येतात. ‘मी वाचले’ या अर्थाच्या ‘कराती’ या शब्दापुढे सामेख-पे-रेश आले तर तिथे न्हावी येण्याचा संभवच नाही.

थाई शब्दाला असा आधार नाही. तो बहुतेकदा एका अवयवाचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा, असतो आणि कधीही बदलत नाही. ‘पाय’ म्हणजे जाणे. ‘फोम पाय तलात’ म्हणजे मी बाजारात जातो. आधी ‘काल’ या अर्थाचा शब्द लावला की तेच ‘गेलो’ होते, ‘पाय’च्या आधी ‘च’ लावला की ‘जाईन’ होते, पण ‘पाय’ तो ‘पाय’च. अशा एवढ्याशा शब्दातला स्वर झाकला तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच उरणार नाही. म्हणून थाई लिपी शब्दाच्या आत काय आहे ते जवळजवळ सगळे लिहिते, अगदी आवाज किती उंचावर न्यायचा तेही. हिब्रूचे वळण त्याच्या उलट, शब्दाला शब्द चिकटवण्याचे आहे. ‘आणि घरातून’ हे हिब्रूत ‘उमेहाबायित’ असे एकाच शब्दात लिहिले जाते, त्यात आणि, पासून, ते आणि घर असे चार भाग आहेत. थाईत ‘लॅ चाक बान’ हे तीन शब्द तिघे स्वतंत्र, कोणाचे कोणावर काही ओझे नाही.

तेव्हा आपल्याला जर व्याकरणाची कोडी सोडवण्याची हौस असेल तर हिब्रू घ्यावी. पहिले सहा महिने कष्टाचे जातील आणि साचे बसले की शब्दसंग्रह झपाट्याने वाढेल. कान तयार असेल आणि चारचौघांत चुकीचा सूर लागण्याची लाज वाटत नसेल तर थाई. तिचे व्याकरण पहिल्याच महिन्यात सोपे वाटू लागते. बाकीचे कष्ट उच्चार, लिपी आणि बोलण्याच्या रीतीभाती यांच्यासाठी राखून ठेवावेत.

प्रश्न : थाई भाषेत एकाच शब्दाचे पाच सूर असतात असे ऐकले. हे सूर लिपीत कसे दाखवतात? हिब्रूत असे काही असते का?

उत्तर : एकाच शब्दाचे पाच सूर असे म्हणण्यापेक्षा, सूर बदलला की शब्दच बदलतो असे म्हणावे. सूर पाच : मध्यम, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. ‘खा’ या एका उच्चारावर ते पाहा. सपाट मध्यम सुरात ‘खा’ म्हणजे अडकून राहणे. खालच्या सुरात म्हटले तर आल्यासारखा दिसणारा एक कंद, ज्याचा थाई स्वयंपाकात फार वापर होतो. उतरत्या सुरात ठार मारणे, वरच्या सुरात व्यापार करणे, आणि प्रश्न विचारल्यासारखा चढता सूर लावला तर पाय. शिकणाऱ्याची पंचाईत होते ती इथे : मराठीत आपण शंका, आश्चर्य, राग दाखवायला वाक्याचा सूर वर-खाली करतो, आणि तीच सवय थाईत नेली की आश्चर्य दाखवण्याऐवजी अर्थ बदलतो.

लिहिण्याची रीत गमतीची आहे. सुराची चार चिन्हे आहेत आणि त्यांची नावे माय एक, माय थो, माय त्री आणि माय चत्तवा अशी आहेत. एक, दोन, तीन, चार हे आपले आकडे त्यांत लगेच ओळखू यावेत. परंतु चिन्ह पाहून सूर कळत नाही. थाई व्यंजनांचे उच्च, मध्य आणि नीच असे तीन वर्ग पाडलेले आहेत, आणि एकच चिन्ह उच्च वर्गातल्या ख वर आले तर खालचा सूर होतो, नीच वर्गातल्या ख वर आले तर उतरता. चिन्ह नसले तर पहिला ख चढत्या सुरात जातो, दुसरा मध्यम सुरात. शिवाय स्वर लांब की आखूड, शेवटी कोणते व्यंजन आहे, याचाही हिशेब धरावा लागतो.

एकाच उच्चाराचे दोन-दोन ख कशासाठी, हा प्रश्न मराठी वाचकाला पडायला हवा, आणि त्याचे उत्तरही मराठी वाचकालाच सर्वांत लवकर पटेल. थाई लिपी ख्मेर लिपीतून आली आणि ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून, म्हणजे मूळ ब्राह्मीचेच घराणे. परंपरेने १२९२ सालचा मानला जाणारा राजा रामखम्हेंगचा शिलालेख हा थाई लेखनाचा सर्वांत जुना नमुना म्हणून सांगितला जातो. तो १८३३ मध्ये राजपुत्र मोंगकुट यांना सुखोथाई येथे सापडला. हे मोंगकुट पुढे राजे झाले. या लेखाच्या खरेपणाविषयी काही विद्वानांनी शंका घेतल्या आहेत, पण थाई वर्णमालेचा क्रम पाहिल्यावर तिच्या कुळाविषयी शंका उरत नाही : क, ख, ग, घ, ङ या क्रमानेच ती चालते. फरक एवढा की मूळच्या ग आणि घ यांचा आजचा थाई उच्चार ख असा आहे. थाईच्या पूर्वज भाषेत ग होता. कालांतराने त्याचा घोष, म्हणजे उच्चारताना गळ्यात होणारी थरथर, गेला आणि तो ख मध्ये मिसळला, मात्र जाताना आपल्या नंतरच्या स्वराला एक वेगळी उंची देऊन गेला. जुन्या ख चे अक्षर आज उच्च वर्गात आहे आणि जुन्या ग चे नीच वर्गात. ज्याला आपण वर्णमालेतला घोष-अघोष भेद म्हणतो तो थाईत सुरांचा भेद होऊन बसला आहे.

यामुळे थाईत ४४ व्यंजनाक्षरे असून व्यंजनांचे उच्चार मात्र २१ आहेत. श, ष, स तिन्ही लिहिले वेगळे जातात आणि तिन्हींचा उच्चार स होतो. ‘भाषा’ लिहिताना ष काढून बोलताना श म्हणणाऱ्या आपल्याला यात हसण्यासारखे काही नाही. मुलांना अक्षरांची नावे ‘को काय’ म्हणजे क कोंबडीचा, ‘खो खाय’ म्हणजे ख अंड्याचा अशी शिकवतात, आपल्या ‘क कमळाचा’ सारखीच. ४४ अक्षरांपैकी दोन, बाटलीचा ख आणि माणसाचा ख, आता फक्त तक्त्यात उरले आहेत. १८९२ मध्ये तयार झालेल्या पहिल्या थाई टंकलेखन यंत्रावर त्यांना जागा मिळाली नाही, आणि त्यामुळे त्यांचे उरलेसुरले चलन संपले असे सांगतात.

हिब्रूत सूर नाहीत, आघात आहे, आणि तो लिहीत नाहीत. ‘बीरा’ या शब्दात पहिल्या अवयवावर जोर दिला तर बिअर, दुसऱ्यावर दिला तर राजधानी. पण मृत उच्चार अक्षरांत जपून ठेवण्याची खोड तिलाही आहे. तेत आणि ताव या दोन्ही अक्षरांचा आजचा सर्वसाधारण उच्चार त, काफ आणि कूफ या दोन्हींचा क. इस्रायली मुलाला शुद्धलेखनाच्या तासाला जो त्रास होतो तो थाई मुलाच्या त्रासाचाच भाऊ म्हणायला हवा.

प्रश्न : थायलंडच्या सहलीत अनेक शब्द संस्कृतसारखे वाटले, पण प्रत्येक वेळी काहीतरी चुकल्यासारखे ऐकू येत होते. गुरूला ‘ख्रू’ म्हणतात. असे का?

उत्तर : मागच्या उत्तरातच याचे अर्धे उत्तर आहे. ग चा ख झाला, तसाच ज चा छ, द चा थ आणि ब चा फ झाला, आणि घ, ध, भ हेही त्याच वाटेने गेले. म्हणून गुरू ‘ख्रू’, जीवित ‘छीवित’, प्रदेश ‘प्रथेत’, बुध ‘फुत’, भाषा ‘फासा’. हा फ आपल्या फळातला, ओठांचा फ आहे, फोनमधला नव्हे. उलट दिशेने, संस्कृतातल्या त आणि प यांचे थाईत पुष्कळदा द आणि ब होतात : ताऱ्याला ‘दारा’ म्हणतात (चित्रपटातल्या तारकेलाही), पित्याला ‘बिदा’, पुत्राला ‘बुत’. या नियमाने पापाचे ‘बाप’ होते. थाई वडील मात्र ‘बिदा’ असल्याने या आरोपातून सुटले.

दुसरा नियम शब्दाच्या शेवटाचा आहे. थाई शब्द मोजक्याच ध्वनींवर संपू शकतो. शेवटचा स किंवा ष हा त होतो, र आणि ल यांचा न होतो. रस ‘रोत’ होतो, आहार ‘आहान’ होतो. क्षमा मागताना थाई माणूस ‘खो थोत’ म्हणतो, त्यातले ‘खो’ म्हणजे मागणे आणि ‘थोत’ म्हणजे आपला दोष. याच नियमाने इस्रायल या नावाचा थाई उच्चार ‘इत्सराएन’ असा होतो. मळ्यावर पहिल्या दिवशी आलेल्या कामगाराच्या तोंडून आपल्या देशाचे नाव असे ऐकल्यावर ते मालकाला ओळखू यायला क्षणभर लागत असेल.

लिहिताना मात्र थाई लोक मूळ शब्द पुष्कळसा जसाच्या तसा ठेवतात. सोमवार ‘वन चन’ आहे, पण लिहितात ते चन्द्र, द आणि र सकट, आणि न उच्चारायच्या अक्षराच्या डोक्यावर एक बारीक खूण करतात. त्या खुणेचे नाव ‘थंथखात’, म्हणजे चक्क दंडघात. अक्षराला काठीने मारून गप्प करणारी ही खूण मला आपल्या पाय मोडण्यापेक्षा अधिक स्पष्टवक्ती वाटते. वारांची नावे थाईत आपल्यासारखीच ग्रहांवरून आहेत : आथित, चन, अंगखान, फुत, फ्रुहत्सबोदी, सुक, साव. हिब्रूत रविवार म्हणजे नुसता ‘पहिला दिवस’, सोमवार ‘दुसरा दिवस’, असे सहा दिवस मोजून सातव्यालाच नाव दिले आहे, शब्बात.

प्रश्न : हिब्रूत पुरुष आणि स्त्री यांच्यासाठी क्रियापदे वेगळी असतात, तर थाईत लिंगच नाही, असे वाचले. मग आदर दाखवण्याच्या पद्धतीतही असाच फरक असतो का?

उत्तर : फरक आहे, आणि अपेक्षेच्या उलट आहे. हिब्रूत नामे पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशी दोनच, नपुंसकलिंग नाही. ‘अनी होलेख’ म्हणजे मी जातो, ‘अनी होलेखेत’ म्हणजे मी जाते. ‘तू’ सुद्धा पुरुषासाठी ‘अता’ आणि स्त्रीसाठी ‘अत’. ‘तीन’ हा आकडाही लिंगाप्रमाणे बदलतो, आणि तोही तिरपागडा : पुरुषी दिसणारे रूप स्त्रीलिंगी नामापुढे आणि स्त्रीलिंगी दिसणारे रूप पुल्लिंगी नामापुढे. या ठिकाणी बोलताना स्वतः इस्रायली लोकही सर्रास घसरतात. पण एवढे लिंगभेद करणारी भाषा आदराच्या बाबतीत अगदी सपाट आहे. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद एका माणसाशी बोलताना नाही. शिपाई मंत्र्याला ‘अता’ म्हणतो आणि मंत्री शिपायाला.

थाईत क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही, पण तोंड उघडण्याआधी समोर कोण आहे हे पाहावेच लागते. ‘मी’ साठीच पुरुषाचा सभ्य ‘फोम’, स्त्रीचा औपचारिक ‘दिछन’, आणि मोठ्यांशी बोलणाऱ्या लहान मुलीचा ‘नू’, ज्याचा शब्दशः अर्थ उंदीर. वयाने थोडे मोठे असलेल्याला ‘फी’ आणि लहानाला ‘नोंग’ म्हणतात, मग ते नात्यातले असोत वा नसोत; दादा आणि ताई म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्रप’ आणि स्त्रीने ‘खा’ जोडला की बोलणे सभ्य होते. म्हणजे बोलणाऱ्याचे लिंग थाईतही कळते, ते क्रियापदातून न कळता अदबीतून कळते. जेवण्यासाठी घरात ‘किन’, चारचौघांत ‘थान’, औपचारिक प्रसंगी ‘रप्रथान’, भिक्खूंसाठी ‘छन’ आणि राजासाठी ‘सवय’. या राजदरबारी शब्दसंपत्तीला ‘राछासप’ म्हणतात, म्हणजे राजाशब्द.

प्रश्न : नव्या वस्तूंसाठी या भाषा शब्द घडवतात की इंग्रजीतून उसने घेतात?

उत्तर : दोन्ही करतात, आणि दोघींची मांडलेली गणिते वेगवेगळ्या ठिकाणी चुकली आहेत. हिब्रूची गरज मोठी होती. शतकानुशतके ती प्रार्थनेची, पांडित्याची आणि पत्रव्यवहाराची भाषा होती, पण कोणाच्या घरची बोली नव्हती. एलिएझेर बेन-येहूदा (१८५८ ते १९२२) हे १८८१ मध्ये जेरुसलेमला आले आणि त्यांनी घरात हिब्रूशिवाय काही बोलायचे नाही असा नेम केला. १८८२ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा हा आधुनिक काळातला पहिला जन्मजात हिब्रू भाषक मानला जातो. अशा घरात दिवसाला लागणाऱ्या साध्या शब्दांचीही वानवा होती. शब्दासाठी ‘मिला’ हा शब्द होता, त्यावरून त्यांनी शब्दकोशासाठी ‘मिलोन’ केला. वीजेसाठी ‘खश्माल’ हा शब्द घेतला गेला, जो बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या दृष्टान्तात एका झळझळत्या, नेमकी ओळख न पटलेल्या पदार्थासाठी येतो. आज हे काम १९५३ मध्ये स्थापन झालेली हिब्रू भाषा अकादमी करते. थाईत हेच काम राजपंडितांच्या संस्थेकडे आहे आणि तिचा कच्चा माल संस्कृत व पाली.

दूरध्वनी आणि संगणक ही दोन यंत्रे घेऊन पाहा. दूरध्वनीसाठी थाईने दूर आणि शब्द मिळून ‘थोरसप’ केला, तो घरोघरी रुळला. दूरदर्शन ‘थोरथत’ झाले, तेही रुळले. हिब्रूत दूर आणि बोलणे यांवरून ‘साख-राखोक’ असा शब्द सुचवला गेला, तो कोणी उच्चारला नाही, लोक ‘तेलेफोन’च म्हणत राहिले. संगणकाच्या वेळी पारडे फिरले. विचार करणे या अर्थाच्या धातूवरून झालेला ‘मख्शेव’ हिब्रूत असा बसला की तो बनवलेला शब्द आहे हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. थाई पंडितांनी गणित आणि करण यांवरून काढलेला ‘खनितकोन’ कोशात राहिला आणि लोक ‘खोम्फिउतो’ म्हणू लागले. मला यात शब्दाच्या लांबीचा हात दिसतो. तीन अक्षरी धातूत बसणारा शब्द हिब्रूच्या तोंडाला परका वाटत नाही, जोडशब्द मात्र परका वाटतो. थाईला संस्कृत जोडशब्दांची सवय आहे, पण ‘खनितकोन’ आला तोपर्यंत यंत्र आपले इंग्रजी नाव घेऊन दुकानात पोहोचले होते.

प्रश्न : थाई, हिब्रू आणि मराठी या तिन्हींत समान असलेला एखादा शब्द आहे का?

उत्तर : तिन्हींत नात्याने समान असा शब्द माझ्या माहितीत नाही. हिब्रू आणि संस्कृत यांच्यात मात्र एक जुना धागा आहे : बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात राजवाड्यातल्या पडद्यांच्या वर्णनात ‘कर्पास’ हा शब्द येतो, तो आपला कार्पास, म्हणजे कापूस, फारसीच्या वाटेने गेलेला. उरले ते निव्वळ योगायोग, आणि त्यांतला एक मला फार आवडतो. ‘मी’ हा उच्चार तिन्ही भाषांत आहे. मराठीत तो बोलणारा स्वतः, हिब्रूत ‘मी?’ म्हणजे कोण?, आणि थाईत ‘मी’ म्हणजे जवळ असणे.